असावे सर

दाखला परत आला तो एका शब्दासाठी.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. कॉलेजचा गोल शिक्का, जावक क्रमांक, तारीख, आणि खाली प्रभारी प्राचार्य म्हणून सरांची मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक सही. पुतण्याला मेडिकलला जायचं होतं. महाराष्ट्रातल्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी काही जागा ठेवलेल्या असतात आणि त्यासाठी दोन कागद लागतात. आपलं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी आहे, हा एक. आपली मातृभाषा मराठी आहे, हा दुसरा. पहिल्या कागदापायी दादाच्या चपलेचे दोन अंगठे तुटले. दुसरा सरांकडचाच, घरचाच म्हणायचा, म्हणून तो न वाचता पिशवीत टाकला होता.

खिडकीवरच्या बाईंनी तो वाचला. मग शेजारच्या टेबलाला वाचायला दिला. तिथून तो तिसऱ्या टेबलावर गेला आणि तिथं कुणीतरी मोठ्यानं हसलं. कागदावर लिहिलं होतं : ‘सदर विद्यार्थ्याच्या आजीची भाषा मराठी आहे. आईची भाषा कन्नड आहे. विद्यार्थ्याची मातृभाषा मराठी असावी.’

“असावी म्हणजे काय हो?” बाईंनी दादाला विचारलं. “तुम्हाला घरात नक्की ठाऊक नाही?”

दादा रात्रीच्या गाडीनं उलटा निपाणीला आला.

असे एक सर तुमच्याही गावात असतील. त्यांच्या सहीला किंमत आहे म्हणून लोक त्यांच्याकडं जातात. आणि ती किंमत त्यांनी सही उधळली नाही म्हणून आलेली आहे, हे उंबऱ्याबाहेर चपला काढताना विसरतात. आमच्या सरांचं खरं आडनाव गावात आता फारसं कुणी वापरत नाही. असावे सर. कोकणातलं आडनाव असेल असं समजून एका कुरिअरवाल्यानं तर ‘प्रा. असावे’ एवढ्या पत्त्यावर पार्सल बिनचूक पोचवलं होतं. सरांनी ते उघडण्याआधी उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, “माझंच असावं.”

विषय वनस्पतिशास्त्र. पहिल्याच तासाला सर एक पिवळं पडलेलं पान टेबलावर ठेवत आणि विचारत, काय झालंय? पोरं सांगायची, मुळाला पाणी लागलंय. सर विचारत, “बघितलंस काय तू? मूळ बघितलंस?” नाही. “मग पान पिवळं आहे, आणि मुळाला पाणी लागलं असावं. बघितलं ते ‘आहे’. नाही बघितलं ते ‘असावं’.” हा नियम वहीत लिहून घेऊन आम्ही सगळे पास झालो आणि विसरलो. सर विसरले नाहीत. वनस्पतीपुरता असलेला नियम त्यांनी माणसांना लावला, आणि निपाणीत माणसं फार.

१९८७ साली मला एका शाळेत नोकरीसाठी त्यांचं शिफारसपत्र हवं होतं. त्यांनी दिलं. ‘यांचा आवाज मोठा आहे. विषयाचे ज्ञान असावे.’ नोकरी लागली नाही. लागली असती तरी ती आवाजावर लागली असती, हे आज कबूल करतो. तेव्हा सरांचं नाव काढलं की माझ्या कपाळाची शीर उडायची.

तंबाखूच्या एका वखारवाल्याच्या पोरासाठी : ‘वडिलांची परिस्थिती उत्तम आहे. मुलाची बुद्धीही असावी.’ दोन वर्षं मागच्या बाकावर घोरलेल्या एकासाठी : ‘सदर विद्यार्थी वर्गात हजर होता. उपस्थित असावा.’ एका मुलीचं स्थळ आलं तेव्हा पलीकडच्या मंडळींनी चौकशीसाठी सरांना गाठलं. मुलगी कशी आहे, सर? “प्रॅक्टिकलच्या वहीत चित्रं स्वच्छ काढायची. सुस्वभावी असावी.” पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि चहा न घेता उठले. मुलीच्या बापानं सरांशी चार वर्षं बोलणं टाकलं होतं. सरांच्या लेखी त्यांनी तिची स्तुतीच केली होती, कारण स्वच्छ चित्रं हे त्यांनी बघितलेलं होतं आणि तसं ते फार थोड्यांचं सांगत.

काकूंचं ऐका. चाळीस वर्षं त्या माणसाला जेवायला वाढतायत. “भाजी कशी झालीय म्हटलं तर ‘चांगली असावी’ म्हणतात. तोंडात घास असताना! आता आणि कुठं बघायची राहिलीय?” सर यावर खालमानेनं सांगतात की चव ही ज्याची त्याची असते, तिचा पुरावा देता येत नाही. काकू पुरावा म्हणून पातेलं आत नेतात.

तर दादा पहाटे सरांच्या दारात. सोबत पोरगा, आणि वहिनी. वहिनी गोकाकच्या, माहेर कन्नड, आणि मागच्या वीस वर्षांत आमच्या आईशी मराठीत भांडून तयार झालेल्या. सरांनी तिघांना बसवलं. अडचण त्यांना कळत होती, पण मातृभाषा म्हणजे आईची भाषा, आणि आई समोर बसली होती. मग त्यांनी पोराची परीक्षा घ्यायची ठरवली. माणूस पैसे आपल्या भाषेत मोजतो, असं म्हणून खिशातली चिल्लर त्याच्या पुढं ओतली. पोरगा इंग्लिश मीडियमचा. “टेन, ट्वेंटी, ट्वेंटीफाइव्ह…” दादानं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात अंगणात कुत्रं आलं, त्याला पोरानं हाकललं ते कन्नडमध्ये.

वहिनी पदराआड पुटपुटल्या, “मराठी इरबेकु, बिडरी.” म्हणजे मराठी असावी, जाऊ द्या हो.

सर एकदम ताठ बसले. कन्नडमधलं ‘इरबेकु’ही असंच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. असेल असं वाटतं, तरी ‘इरबेकु’. असलं पाहिजे, तरी ‘इरबेकु’. “म्हणजे अंदाज आणि इच्छा, दोन्हीला शब्द एकच! आपल्यातही तसंच की. ‘तो घरी असावा’ आणि ‘घराला अंगण असावं’. एकात माणूस शोधतोय, दुसऱ्यात मागतोय.” दाखला राहिला बाजूला. अर्धा तास सर आणि गोकाकच्या वहिनी दोन भाषांच्या व्याकरणावर बोलत होते, आणि दादा घड्याळाकडं बघत बसला होता.

सुटका झाली ती आमच्या आईमुळं. ती मागाहून रिक्षानं आली आणि फाटकातूनच नातवाला हाक मारली. पोरगा न बघता ओरडला, “आलो की गं!” सरांनी पेनाचं टोपण काढलं. नवा दाखला : ‘सदर विद्यार्थ्यास आजीशी मराठी बोलताना मी स्वतः ऐकले आहे. मातृभाषा मराठी आहे.’ खिडकीवर तो चालला. मार्क चालले नाहीत. पोरानं पुढं फार्मसी केली, आता चिकोडीत औषधाचं दुकान आहे. पोरगा मेडिकलला आहे, असं दादा लोकांना सांगतो, आणि ते खोटं नाही.

आरशातल्यासारखा प्रकार पलीकडंही आहे. जत, अक्कलकोटकडच्या कन्नड मुलांना कर्नाटकात प्रवेश हवा असेल तर त्यांची कन्नडची लेखी परीक्षा होते; गडीनाडू कन्नडिग म्हणतात त्यांना. सरांना ही पद्धत पसंत पडली. निदान तपासून तरी घेतात, म्हणाले. एकूण काय, या पट्ट्यात डॉक्टर व्हायचं तर आधी आपण कोण ते सिद्ध करायचं, मग बेडकाचं हृदय.

आमच्याकडं नकाशाच तसा आहे. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात. तिला चिकटलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. देवचंद कॉलेज तिथं. निपाणीची पोरं सकाळी पायी परराज्यात शिकायला जातात आणि दुपारी जेवायला स्वराज्यात येतात; किंवा याच्या उलट, कोण सांगतंय त्यावर ते आहे. (सर त्या कॉलेजातले नव्हेत. बघितल्याशिवाय अंदाज बांधू नका.) ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा ऐकत आम्ही मोठे झालो. सर मोर्चात असत, पण घोषणेच्या वेळी जरा मागं पडत. एकदा मी विचारलं, सर, सीमाभाग महाराष्ट्रात असावा, हे तरी तुम्हाला मान्य आहे ना? “असावा,” सर म्हणाले. कुठल्या अर्थानं? शोधताय का मागताय? सर थोडा वेळ गप्प चालले. “१९५६ ला वाटत होतं, असेल. १९६७ ला महाजन अहवाल आला तेव्हापासून, असलं पाहिजे. २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा दाखल झालाय, हे मी बघितलंय. पेपरात.” आणि पुढं काही बोलले नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये दोन्हीकडच्या बसगाड्या बंद पडल्या तेव्हा सर स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होते. एका म्हातारीनं विचारलं, “गाडी सुटंल काय वो?” सर म्हणाले, “सुटावी.” त्या दिवशी चौकशीच्या खिडकीकडंही याहून पक्की माहिती नव्हती.

‘नीट’ आली आणि सरांचा धंदा बसला, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. ७२० पैकी किती, एवढाच प्रश्न. वर्तणूक, बाक, स्वच्छ चित्रं, कुणी विचारत नाही. तरी पालक येत राहिले. सवय! मेडिकलला जायचं म्हणजे कुणा मोठ्या माणसाची चिठ्ठी लागणारच, ती नाही लागली तर आपणच काहीतरी विसरलोय असं त्यांना वाटत राहायचं. सर त्यांना चहा पाजून परत पाठवत. आणि मग चिठ्ठी मागत आली ती थेट अमेरिका.

न्यू जर्सीत राहणारा सरांचा एक जुना विद्यार्थी. त्याच्या मुलीला तिकडं डॉक्टर व्हायचं. तिकडची रीत अशी की आधी चार वर्षांचं कॉलेज, मग एमकॅट नावाची परीक्षा, आणि अर्जासोबत प्राध्यापकांची शिफारसपत्रं. निदान दोन विज्ञान शिकवणाऱ्यांची, वर आणखी एखाददुसरं, ज्यानं पोराला जवळून बघितलंय त्याचं. एमकॅटला सगळ्यात कमी मार्क पडतात ४७२ आणि सगळ्यात जास्त ५२८. म्हणजे काहीच न येणाऱ्यालाही ४७२. आमच्याकडं चुकलं की उणे होतात. हे ऐकून सर म्हणाले, “श्रीमंत देश असावा.”

बापानं फोनवरच मागितलं : सर, माझ्या मुलीसाठी चार ओळी लिहून टाका. सरांनी खरंच लिहिल्या. ‘या मुलीस मी पाहिलेले नाही. हिच्या वडिलांस पाहिले आहे. वडिलांना जीवशास्त्राची आवड नव्हती. मुलीस असावी.’ मजकूर ऐकून बापानं काय म्हटलं ते मला ठाऊक नाही, फोन सरांच्या कानाला होता. पण त्या उन्हाळ्यात मुलगी आजीकडं दोन महिने निपाणीला आली आणि रोज संध्याकाळी सरांकडं येऊन बसायला लागली.

जाताना तिनं स्वतः विचारलं. तिकडं तसं शिकवतात : नुसतं पत्र द्याल का, असं विचारायचं नाही, स्ट्राँग पत्र देऊ शकाल का, असं विचारायचं, म्हणजे ज्याला जमणार नाही तो तोंडावर नाही म्हणतो. “स्ट्राँग चहा असतो,” सर म्हणाले. मग तिनं सांगितलं की पत्र सरळ त्यांच्या पोर्टलवर चढवायचं, आणि ते बघायचा हक्क तिनं सही करून सोडलेला आहे. म्हणजे सर तिच्याविषयी काय लिहितात ते तिला कधीच कळणार नाही.

“न बघताच?” सरांनी विचारलं.

“हो.”

“चांगलं असेल असं धरून?”

“असावं,” मुलगी म्हणाली. दोन महिन्यांत पोरगी तेवढं शिकली होती.

सरांना त्या रात्री झोप लागली नाही, असं काकू सांगतात. सकाळी मला बोलावणं. टाइप करून पोर्टलवर टाकायचं काम माझ्याकडं, म्हणून मजकूर मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच सांगतो की पहिल्या मसुद्यात सरांनी आपल्या सवयीनं ‘असावी’चं इंग्रजी केलं होतं. ‘शी मस्ट बी हार्डवर्किंग. शी मस्ट बी ऑनेस्ट. शी मस्ट बी अ डॉक्टर.’ मी म्हटलं, सर, याचा तिकडं हुकूम होतो. वाचणाऱ्याला वाटेल निपाणीहून कुणीतरी दम देतंय. सरांनी डिक्शनरी काढली. मस्ट बी : अंदाज, सक्ती, दोन्ही. “इंग्रजांचीही तीच गत की रे!” त्यांना मनापासून आनंद झाला. आणि मग त्यांनी सगळा मसुदा खोडला.

तीन दिवस लागले. शेवटी जे पत्र झालं त्यात मुलगी हुशार आहे असं कुठंच नव्हतं. सरांकडं कामाला येणाऱ्या एक मावशी आहेत. पूर्वी विड्या वळायच्या, आता छाती भरलेली असते. मुलीनं एका संध्याकाळी त्यांना मोडक्या मराठीत विचारलं, रात्री किती वेळा उठून बसता? मावशी नेहमीप्रमाणं म्हणाल्या, काय नाही, बरी हाय. मुलगी तिथंच पायरीवर बसून राहिली. दुसरं काही विचारलं नाही, फोन काढला नाही. बऱ्याच वेळानं मावशी म्हणाल्या, तीन बार उठतो. मुलीनं ते वहीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, काल किती? हे सरांनी तारीखवार लिहिलं होतं, अकरा दिवसांचं. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एकच वाक्य : ‘धिस आय हॅव सीन.’ पत्रात ‘मस्ट बी’ एकदाही नव्हतं. मी टाइप करता करता थांबलो, चष्मा पुसायचं निमित्त केलं. असं पत्र या माणसानं मला १९८७ साली का दिलं नाही, असंही मनात आलं. मग आठवलं, त्यांना दिसेल असं मी काही केलंच नव्हतं.

मुलीला तिकडं प्रवेश मिळाला. सरांच्या पत्रामुळं असावा. बघा, लागतं हे असं.

आता त्यांच्याकडं जावंसं वाटतं आणि वाटत नाही. काचबिंदू. बाजूचं दिसणं वर्षावर्षानं मिटत गेलं. समोरचं तेवढं दिसतं, तेही नळकांडीतून बघितल्यासारखं. हर्बेरियमचे कागद हातानं चाचपतात. मी दारात उभा राहिलो की मान वळवायच्या आधीच म्हणतात, “तू असावास.” मी म्हणतो, मीच आहे सर. त्यावर त्यांचं काही म्हणणं नसतं.

नोव्हेंबर महिना आमच्याकडं गडबडीचा. एक तारखेला एकीकडं राज्योत्सव, दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस. पेन्शनवाल्यांचा तिसराच सण : हयातीचा दाखला. आता तो अंगठा लावून यंत्रावरही होतो, पण सरांचे ठसे उठेनात. तेव्हा कागदावरच. गेल्या वर्षी मी त्यांना स्कूटरवर बसवून बँकेत नेलं. वाटेत त्यांनी मला त्या कागदाची थोरवी सांगितली. सदर निवृत्तिवेतनधारकास मी पाहिले असून ते आज रोजी जिवंत आहेत. “सगळ्या सरकारी कागदांत हा एकच खरा,” म्हणाले. “आधी पाहिले, मग आहेत.”

मॅनेजर तरुण होता, आंध्राकडचा असावा. समोर रांग, टेबलावर फोन वाजतोय, डोळे संगणकावर. त्यानं हात पुढं करून कागद घेतला, मान वर न करता सही केली, शिक्का मारला, कागद परत सरकवला. मी घ्यायला गेलो तर सरांनी माझा हात धरला.

“साहेब, बघितलंत काय मला?”

साहेबांना मराठी येत नव्हती. सरांनी कन्नडमध्ये विचारलं, “नोडिदिरा?” तेही नाही. मागची रांग चुळबुळायला लागली. सरांनी घसा साफ केला आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, “सर, हॅव यू सीन मी?”

मॅनेजर गोंधळून उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि समोरच्या म्हाताऱ्याकडं बघितलं. सरांनी मान हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवली, त्याचा चेहरा त्या नळकांडीत सापडेपर्यंत.

“हां,” म्हणाले, “आता करा सही.”